दुधाळलेलं तेल

२ मार्च

अगं धाकटे, तुला एक आई आहे हे आठवतंय का? नसेल तर आरशात बघ. नाक माझंच लावून फिरतेस, तेवढ्यावरून आठवेल. मागच्या खेपेला आलीस तेव्हा छत्री विसरलीस, चपलांचा एक जोड विसरलीस, आणि स्वतःचं पोर धक्क्यावर उभं ठेवून बोटीत जाऊन बसलीस. वर मलाच विचारतेस, "आई, काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय गं."

जाताना तूच म्हणाली होतीस की रोजचं सांगत जा, वहिनी लिहून ठेवेल, महिन्याने मला पाठवा. तेही विसरली असशील. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. मला अक्षर येत नाही, बोलायला मात्र कुणाच्या बापाला हार जात नाही. लिहिणार तुझी वहिनी. तिच्याबद्दल वाकडं बोलले तरी ते तिने तसंच लिहायचं, असं ठरलंय. तोंड पाडायचं असेल तर पाडावं, पण लिहायचं. बघ, पाडलंच.

आज सांगण्यासारखं एकच. संध्याकाळी तुझा थोरला भाऊ बोटीच्या फेऱ्या संपवून धक्क्यावरून वर घरी आला आणि पाय धुताधुता म्हणाला, "आई, बोट एकदम खूश आहे. तेलाची बाटली काठोकाठ. महिनाभरात एक थेंब घालावा लागला नाही."

तुझ्या बाबांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. तुला बोटीतलं काय कळतंय म्हणा, तू फक्त बसणारी. आपल्या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा फिरवणारा गिअरचा डबा मागे बाहेर, पाण्यात लटकलेला. मिस्त्री त्याला ड्राइव्ह म्हणतात, तुझे बाबा नुसतं पाय म्हणायचे. त्या पायात गिअर ऑइल भरलेलं असतं, आणि आत इंजिनाशेजारी एक बाटली असते, नळीने पायाला जोडलेली. पायात तेल किती, ते त्या बाटलीवरून कळायचं. ती थोडीथोडी उतरते, आपण थोडंथोडं घालतो. कधीच उतरली नाही तर पाय तेल खात नाही म्हणून आनंद मानायचा का? थोरल्याने मानला. मीही मान हलवली. पण मनाला काही पटलं नाही.


५ मार्च

थोरल्याने आज बोट धक्क्यावर आपटली. तिसऱ्या खांबाला. वीस वर्षं चालवतोय, झोपेत लावली तरी बोट सरळ लागेल असा त्याचा हात. मी वर खुर्चीत बसलेली, हातातलं भांडं पडलं.

"काय रे, खांब आज नवीन रोवला का?"

"पाण्यावर ऊन फार चमकत होतं, आई."

ढग होते, धाकटे. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

आता तुझ्या वहिनीने नवीन खूळ काढलंय. चार-पाच महिने झाले, प्रत्येक फेरीला बोटीवर जाऊन बसते. तीही पुढे, टोकाला. आणि सारखी बडबड. "डावीकडे जाळं टाकलंय हो. जरा उजवीकडे घ्या. आता सावकाश." तिच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत पाण्याकडे बघून हिला ओकारी यायची. आता नवऱ्याला बोट चालवायला शिकवते! तोही निमूट ऐकतो. मी भाजीवालीला म्हटलं, या वयात प्रेम उतू चाललंय. ती हसली. वहिनी हसली नाही.

पेन का थांबलं गं? लिही. सत्तावीस म्हटलं, चूक असेल तर दुरुस्त कर.


९ मार्च

आज मन फार कडू झालंय. सगळं नीट लिही, गाळू नकोस.

सकाळी पहिली फेरी सुटताना पायाचा आवाज ऐकला. घरघर नाही, बारीक कण्हल्यासारखा. तुझे बाबा असते तर त्यांनी जागच्या जागी इंजिन बंद केलं असतं. दुपारी थोरला जेवायला वर गेला तशी मी मिस्त्रीला हाक मारली. हा मिस्त्री म्हणजे चिकटराव. हात कायम तेलात, आणि चहा कायम दुसऱ्याच्या खर्चाने. त्याचा हात धरून बोटीत उतरले. गुडघे नको म्हणत होते, पण गुडघ्यांना विचारतं कोण.

बाटलीचं झाकण काढलं. धाकटे, तेल मधासारखं असायला हवं. पिवळं, आरपार दिसणारं. हे पांढरट होतं, चहात दूध जास्त झाल्यावर होतं तसं. पाणी शिरलंय. म्हणूनच बाटली उतरत नव्हती. तेल जात होतं आणि त्याच्या जागी पाणी येत होतं, वर आणखी. भरलेली बाटली बघून आपण खूश!

"चिकटराव, हे असं किती दिवस असेल?"

त्याने मान खाली घातली. "थोड्या दिवसांत होत नाही हे, आजी."

संध्याकाळी थोरला आला. मी काही माहीत नसल्यासारखं विचारलं, "तेल कसंय रे?"

"झकास."

"रंग?"

"मधासारखा."

असा सरळ बोलला, जराही अडखळला नाही. फक्त माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्या कानाकडे बघत होता. मग लक्षात आलं, हल्ली तो कायमच असं बघतो. बोलतो माझ्याशी आणि बघतो बाजूला. लहानपणी साखर चोरल्यावर तूही असंच करायचीस. चोराची नजर कुठे असते ते मला कुणी शिकवायला नको.

आता का, तेही सांगते. गेल्या वर्षी पलीकडच्या विश्रामगृहाचा मालक बोट विकत मागायला आला होता. थोरला म्हणाला, "आई, देऊन टाकू. माझ्याने आता होत नाही." मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तुझ्या बाबांनी ही बोट उभी केली ती दुसऱ्याच्या पाहुण्यांना फिरवायला नाही. तेव्हा गप्प बसला. आता कळलं का गप्प बसला ते. पाय सडवायचा, गिअर मोडू द्यायचा, मग आईला सांगायचं की बघ, बोटच गेली. आईला विचारावं लागत नाही आणि भांडावंही लागत नाही.

माझाच मुलगा. मी याला मांडीवर घेऊन त्याच पाण्यावरून नेलाय.


१० मार्च

थोरल्याशी बोलणं बंद. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. जेवताना म्हणाला, "आई आज शांत आहे, तब्येत बरी आहे ना?"


१३ मार्च

तेल बदलायलाच हवं असं मी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा थोरल्याला नाही म्हणता आलं नाही. बोट उतारावर ओढून घेतली. चिकटरावाने पंखा काढला तर मागे शाफ्टभोवती, म्हणजे पंखा बसतो त्या दांड्याभोवती, मासे धरायची नायलॉनची दोरी गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड! त्या दोरीने सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, कापलं, आणि कापलेल्या सीलमधून पाणी आत. पंख्यामागे बघायचं हे तर दर आठवड्याचं काम. तुझे बाबा डोळे आणि बोट दोन्ही लावून बघायचे.

"हे तुला दिसलं नाही?" मी बोलणं बंद ठेवलं होतं, पण असल्या वेळी कसलं बंद.

"राहिलं असेल बघायचं," थोरला म्हणाला. कानाकडे बघून.

पायाच्या खालचा प्लग, म्हणजे बूच, काढला, सगळं दुधाळ तेल परातीत आलं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर लोखंडाचा कीस चिकटलेला. चिकटराव म्हणाला, अजून थोडं चाललं असतं तर गिअरचे दात गेले असते. मी थोरल्याचा चेहरा बघत होते. त्याने परातीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं. तेल काय अत्तर आहे? समोर एवढी पांढरी परात, आणि हा वास घेतोय. मला वाटलं, अजून नाटक चालूच आहे.

नवीन सील बसल्यावर मी म्हटलं, तेल थोरल्यानेच भरायचं. बघू दे मला. हे तेल खालून भरतात, धाकटे, वरून नाही. वरून ओतलं तर हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटतं. खालच्या भोकाला पंप लावायचा, वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग धार आली की आधी वरचा प्लग बसवायचा, मगच खालची नळी काढायची. प्रत्येक प्लगला वायसरची चकती नवीन. एवढंच. तुझे बाबा माझ्याकडे परात देऊन गाणी म्हणत करायचे.

थोरल्याने वायसर हातातून पाडला. पाडला तो पाडला, त्याच्या पायासमोर, उघड्या सिमेंटवर पडला होता. आणि हा उकिडवा बसून तळहाताने जमीन चाचपतोय! मी म्हटलं, "अरे, नाकासमोर आहे." तरी चाचपतोय. वहिनीने पटकन वाकून उचलला आणि त्याच्या मुठीत कोंबला. नवऱ्याची बाजू घेण्यात हिची बरोबरी नाही. कट दोघांचा आहे, मला शंका उरली नाही.

हो, हेही लिही. कट हाच शब्द.


१४ मार्च

आज काही सांगायचं नाही. दोन काचेच्या बाटल्या स्वच्छ धुऊन ठेव म्हटलं तर वहिनी विचारते कशाला. तुला कशाला हव्यात चौकशा, म्हटलं.


१५ मार्च

काल मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सूनबाई, लिहितालिहिता तू थोरल्याच्या कानात घातलं असतंस. आज लिही. 

एका बाटलीत परवाचं जुनं तेल, एकीत नवीन. शाळेच्या फेरीची वेळ धरून मी धक्क्यावर गेले. शाळेच्या बाई पोरांना घेऊन बोटीत चढत होत्या, भाजीवाली टोपली घेऊन बसलेली, चिकटराव हत्यारं आवरत होता. सगळे असायला हवे होते मला. घरात विचारलं तर दोघं मिळून मलाच वेडी ठरवतील.

"थोरल्या, इकडे ये."

"आई, फेरीची वेळ झालीय."

"फेरी थांबेल. दोन घटकांनी पाणी आटत नाही."

भाजीवाली म्हणाली, "काय आजी, कुणाची सोयरीक जमवताय का?"

"जमवत नाही, मोडते आहे," मी म्हटलं. धक्क्यावरूनच वाकून दोन्ही बाटल्या खाली बोटीत थोरल्याच्या हातात दिल्या. "एकीत चांगलं तेल आहे, एकीत नासलेलं. या सगळ्यांसमोर सांग, पायात कुठलं घालायचं?"

तो हसला. धाकटे, हसला तो. मला वाटलं निर्लज्जपणे हसला. दोन्ही बाटल्या वर धरल्या आणि मान वळवून खांबाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "खांबाला काय विचारतोस? बाटल्यांकडे बघ." त्याने एका बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं.

"नाकाने नाही. डोळ्याने सांग."

"आई, राहू दे ना." हे तो इतकं हळू म्हणाला की बाजूच्यांनाही ऐकू गेलं नसेल.

"राहू देणार नाही. विचारलं की मधासारखं मधासारखं सांगतोस. आज दाखव मध."

पुढच्या टोकाहून वहिनी उठून येत होती, पण मधे पोरं बसली होती. ती पोचायच्या आत त्याने डावा हात पुढे केला.

त्यात दूध झालेलं तेल होतं.

एक पोरगी खुदकन हसली. "काका, ते तर पांढरं आहे!" बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, "बघा! सगळ्यांसमोरसुद्धा खोटं!"

माझ्याकडे कुणी बघेना. सगळे थोरल्याकडे बघत होते, आणि तो तसाच, हात पुढे करून, खांबाकडे तोंड. मग चिकटरावाने येऊन त्याच्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या. मला म्हणाला, "बस करा, आजी. तो खोटं बोलत नाहीये."

बाईंनी पोरांना एकेक करून उतरवलं. भाजीवालीने टोपली डोक्यावर घेतली, माझ्यासमोरून गेली, रोज काहीतरी टोमणा मारून जाते ती, आज नाही. बोट रिकामी झाली.

वहिनीने थोरल्याचं कोपर धरलं. तो म्हणाला, "सोड. पायऱ्या मला येतात." एकटाच वर चढला, एकदाही चुकला नाही. माझ्यासमोर थांबला, माझ्या कानाकडे बघत खिशातून बोटीची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"दोन्ही बाटल्या घरी ने, आई," म्हणाला. "धक्क्यावर राहिल्या तर कुणाच्या पायाखाली फुटतील."


१६ मार्च

वहिनी आज लिहायला बसत नव्हती. म्हटलं, ठरलंय ते ठरलंय. मग बसली. आता आम्हा दोघींचं बोलणं झालं ते तिनेच लिहायचं आहे.

थोरल्याच्या डोळ्यांच्या मागचा पडदा मधोमध खराब झालाय. कडेचं दिसतं, समोरचंच दिसत नाही. ज्याच्याकडे बघायचं त्याच्या बाजूला बघावं लागतं, तेव्हा ते थोडं दिसतं. रंग तर गेलेच. डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात, आहे तेवढं टिकवू.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"चिकटरावाला माहीत होतं?"

"त्यांनी दोनदा तेल बघून दिलं होतं. मग हे म्हणाले, सारखं सारखं त्याला बोलावलं तर आईला संशय येईल."

"म्हणजे सगळ्या धक्क्याला ठाऊक, आणि आई तेवढी मूर्ख."

"धक्क्याला काल कळलं, आई."

हे तिने मान खाली घालून सांगितलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हटलं, बोल, आणि बोललीस ते लिही.

"ते म्हणाले, आईला खोटारडा मुलगा चालेल. बोलेल, रागावेल, पण बोट माझ्या हातात ठेवेल. दुसरं कळलं तर त्याच दिवशी किल्ली काढून घेईल."

"घेतलीच असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी खूप बोलले. लोकांची लेकरं बसवून पाण्यावर जात होता, ते काय? एखादं जाळं, एखादा ओंडका, समोरून दुसरी बोट आली असती तर? हे पाप नाही का? ती म्हणाली, "मी होते ना पुढे." मी म्हटलं, "तू काय दिवा आहेस?" ती तेही लिहितेय.

त्याने विकूया म्हटलं होतं तेव्हा विकायला हवी होती, असं तिच्या मनात आहे. तोंडाने म्हणत नाही. म्हण की! माझ्या नवऱ्याची बोट होती, मी नाही म्हटलं. त्याने तेव्हा खरं कारण सांगायचं होतं. माझ्यात काय कमी होतं की माझ्याशी खरं बोलता येऊ नये?

प्रश्न लिहिलास ना? असू दे, उत्तर नको लिहूस.


२१ मार्च

विश्रामगृहाचा मालक आला होता. बातमी पाण्यापेक्षा वेगाने पलीकडे जाते. बूट घालून सरळ बोटीत उतरला, बाटलीचं झाकण उघडून बघितलं, म्हणाला, "वा, तेल छान आहे. चांगली ठेवलीत." मी म्हटलं, आमचा थोरला ठेवतो. विकायची की नाही ते बोलले नाही. तोही निघताना घाईत नव्हता. वाट बघू शकतो असा माणूस.

बोट खांबाला बांधलेली आहे. शाळेच्या बाई पोरांना घेऊन लांबच्या पुलावरून जातात. रस्त्यात भेटल्या तर "बरं आहे ना, आजी" म्हणतात आणि थांबत नाहीत. भाजीवाली थांबते, पण टोमणा मारत नाही. त्यापेक्षा न थांबलेली बरी.

आता रोज सकाळी वहिनी आणि मी खाली जातो. ती माझा हात धरते, मी बाटलीत बघते. परत आलो की थोरला ओट्यावर बसलेला असतो. काल विचारलं त्याने.

"तेल कसंय, आई?"

"मधासारखं."

"खरं?"

"खरं."

त्याने माझ्या कानाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं." माझ्यावर विश्वास बसला की नाही, मला सांगता यायचं नाही. तेल मात्र खरंच तसंच आहे. बोट हलतच नाही तर त्याला काय होणार.

काल रात्री जेवताना मासे होते. वहिनी त्याच्या ताटातले काटे काढत होती, गुपचूप, बोटांनी, मी बघत नाही असं समजून. त्याच्या लक्षात आलं. "माझे मी काढतो," म्हणाला आणि ताट ओढून घेतलं. एक काटा घशात अडकला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, भाताचे गोळे गिळले, तेव्हा गेला. मग उरलेलं ताट बाजूला सारून उठला, आणि आम्ही दोघी बसून राहिलो. मासे तसेच.

तेव्हा धाकटे, या वेळी नेहमीसारखे खारवलेले मासे पाठवू नकोस. बिनकाट्याचे म्हणून दुकानदार देतो, त्यातही एखादा असतोच. खजूर पाठव, बी काढलेला. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस, डब्यातले दोन-चार फोडून बघ. आणि द्राक्षं पाठवलीस तर बिनबियांची. टोपलीवर माझं नाव घाल. त्याच्यासाठी आलीत असं त्याला वाटता कामा नये.